वाफेचं इंजिन: नेहमी विचारले जाणारे (आणि काही उगाच विचारले जाणारे) प्रश्न

उटीचे नाहीतर दार्जिलिंगचे फोटो दाखवले की प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. मी रेल्वेत नाही, इंजिनिअर तर अजिबात नाही, कॉमर्सवाला आहे. आजोबा कुर्डुवाडीला नॅरो गेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या लाइनवर, फायरमन होते, इंजिनाच्या आगीत कोळसा टाकायचे, आणि मी सुट्ट्या साठवून वाफेची इंजिनं बघत फिरतो, एवढीच काय ती पात्रता. जे नक्की माहिती आहे तेवढंच लिहिलंय.

कोळशाची इंजिनं खरंच अजून चालतात? की सगळी म्युझियममध्ये रंग लावून उभी आहेत?

दोन्ही. बहुतेक सगळी रंग लावून उभी आहेत, कुठल्या तरी स्टेशनबाहेरच्या बागेत, आणि पोरं त्यांच्यावर चढून फोटो काढतात. पण काही चालतात, आणि चांगली चालतात. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची, म्हणजे रुंद रुळांच्या मोठ्या लाइनवरची, नेहमीची वाफेची गाडी शेवटची धावली ती ६ डिसेंबर १९९५ ला, जालंधर ते फिरोजपूर. मीटरगेजवर अजून काही वर्षं चालली, त्यानंतर रोजच्या गाड्यांत जे उरलं ते डोंगरावर उरलं. निलगिरीची गाडी, म्हणजे उटीच्या वाटेवरची मेट्टुपलायम ते कुन्नूर, आजही टाइमटेबलमधली रोजची गाडी आहे आणि तिला वाफेचं इंजिन लागतं. दार्जिलिंगला जॉयराइड असतात. हरियाणात रेवाडीला जुनी शेड आहे, १८९३ सालची, तिथे ब्रॉडगेज आणि मीटरगेजची काही इंजिनं चालू कंडिशनमध्ये ठेवलीत, अधूनमधून खास फेरीसाठी नाहीतर शूटिंगसाठी बाहेर काढतात. ‘अकबर’ नावाचं डब्ल्यूपी (ब्रॉडगेजवरच्या पॅसेंजर गाड्यांच्या मोठ्या इंजिनाची जात) तिथलंच. हिंदी पिक्चरमध्ये जुन्या काळातली रेल्वे दिसली की बऱ्याचदा हेच साहेब असतात.

पण एवढं वेड लागण्यासारखं काय आहे त्यात? इंजिनच ना शेवटी.

हा प्रश्न बायको पण विचारते. लोक पटकन नॉस्टॅल्जिया म्हणून मोकळे होतात, लहानपण आठवतं वगैरे. मला ते अर्धंच पटतं, कारण कुन्नूरच्या प्लॅटफॉर्मवर सगळ्यात पुढे घुसून व्हिडिओ काढणारी पोरं वीस-बावीसची असतात, त्यांच्या जन्माआधीच ही इंजिनं बंद झालेली, त्यांना कसली आठवण येणार.

माझं मत विचाराल तर खरं कारण हे आहे की वाफेच्या इंजिनाचं सगळं बाहेर असतं. डिझेल इंजिन म्हणजे मोठा बंद डबा, आत काय चाललंय कोणाला कळत नाही, नुसतं घों घों. इलेक्ट्रिक तर तेवढंही नाही. वाफेच्या इंजिनात आग दिसते, पाणी भरताना दिसतं, पिस्टनचा दांडा आत-बाहेर होताना दिसतो, त्याला जोडलेला दुसरा दांडा, त्याने फिरणारं चाक, चौथीतल्या पोराला पाच मिनिटं उभं केलं तर ते स्वतःहून सांगतं की हे असं ढकलतं म्हणून ते असं फिरतं. हल्ली अशा किती वस्तू राहिल्यात सांगा ज्या नुसत्या बघून समजतात?

दुसरं म्हणजे माणसं. बटण दाबून हे इंजिन चालू होत नाही, त्याला मनवावं लागतं. कुन्नूरला एकदा गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हर हातात तेलाची झारी घेऊन खाली उतरला आणि इंजिनाभोवती सावकाश फिरायला लागला, प्रत्येक बेअरिंगपाशी थांबून हाताची मागची बाजू लावून बघायचा, आई कपाळाला हात लावून ताप बघते अगदी तसं. एका ठिकाणी दोनदा लावला. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं तर हसून म्हणाला, “गरम नहीं, ठीक है.” आणि पुढे गेला. या एका गोष्टीसाठी मी परत जाईन.

तो झुकझुक आवाज नेमका कशाचा?

बऱ्याच लोकांना वाटतं चाकांचा. चाकांचा नाही, वाफेचा आहे. सिलिंडरमध्ये वाफेने पिस्टन ढकलला की ती वापरलेली वाफ बाहेर फेकावी लागते, ती चिमणीतून वर जाते आणि जाताना ‘झुक’ करते. पिस्टन दोन्ही बाजूंनी ढकलला जातो, सिलिंडर दोन, म्हणजे चाकाच्या एका फेरीत चार झुक. आता गंमत बघा. दार्जिलिंगच्या इंजिनाचं चाक जेमतेम २६ इंची, एका फेरीत ते दोन मीटरच पुढे जातं. ताशी १२ किलोमीटरने चाललं तरी सेकंदाला सहाच्या वर ठोके पडतात, म्हणून ते इवलंसं इंजिन सायकलवाल्यापेक्षा हळू जाताना सुद्धा जीव तोडून पळतंय असं वाटतं. मोठ्या डब्ल्यूपीचं चाक ५ फूट ७ इंच, त्याच स्पीडला ते निवांत अडीच ठोके टाकत जातं, पहिलवानासारखं.

आणि यातली खरी हुशारी अशी की ती फेकून दिलेली वाफ चिमणीतून जाताना आपल्यामागे आगीतली हवा ओढून घेते, म्हणजे इंजिनाने जास्त ताकद लावली की जास्त वाफ बाहेर, जास्त वाफ बाहेर म्हणजे आगीला जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे आग अजून भडकणार. म्हणजे चढ आला की आग आपोआप जोर धरते, त्यासाठी वेगळा पंखा नको की मोटर नको. कोणी सांगितलं नसतं तर मी जन्मभर त्याला नुसता आवाजच समजलो असतो.

मग तो पांढरा धूर?

तो धूर नाहीच, वाफ थंड होऊन झालेला ढग आहे तो, थंडीत तोंडातून निघतो तसा. म्हणून उन्हाळ्यात फोटो फिके येतात आणि डिसेंबरात कडक. काळा निघाला तर तो धूर, आणि सतत काळा निघत असेल तर फायरमन एकतर नवीन आहे किंवा कोळसा भिकार आहे. आजोबांच्या भाषेत “काळा धूर म्हंजी पैसा चिमणीतनं चालला”. फोटोग्राफर लोकांना मात्र काळाच पाहिजे असतो.

पहिल्यांदाच बघायचंय. उटी की दार्जिलिंग?

उटी. मी सरळ सांगतो. दार्जिलिंगवाले चिडतील पण चिडू देत.

कारण सांगतो. निलगिरीत मेट्टुपलायमपासून उटीपर्यंत ४६ किलोमीटर, ३३० मीटरवरून थेट २,२०० मीटरच्या वर. कल्लार स्टेशन सोडलं की चढ इतका उभा होतो, १२ फुटाला एक फूट म्हणा ना, की नुसत्या चाकाला पकडच मिळत नाही. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दात असलेल्या पट्ट्या टाकल्यात आणि इंजिनाच्या पोटाखालचं दातेरी चाक त्या दातात अडकवून इंजिन अक्षरशः शिडी चढल्यासारखं वर जातं. इंजिनाला सिलिंडर चार, दोन नेहमीच्या चाकांसाठी आणि दोन या दातेरी चाकासाठी, आधीच्या दोघांनी वापरलेली वाफ पुढच्या दोघांना, वाया काही घालवायचं नाही. दातांचा भाग सुरू झाला की आवाज बदलतो, दोन ताल एकमेकांत मिसळतात, डोळे मिटून बसलात तरी कळतं की आता कल्लार गेलं.

अजून एक, इंजिन गाडीच्या मागे असतं. वर जाताना ओढत नाही, ढकलतं. म्हणजे काही निसटलं तरी डबे इंजिनावर येणार, दरीत नाही. आणि प्रत्येक डब्यावर एक ब्रेकमन उभा असतो, हातात लाल-हिरवं निशाण, पुढचा मागच्याला दाखवतो, तो त्याच्या मागच्याला, असं करत निरोप शेवटी इंजिनापर्यंत जातो. मोबाइलच्या जमान्यात हे बघायला मिळतं यावर माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता. मध्ये हिलग्रोव्हला गाडी पाणी प्यायला थांबते, तिथे चहा-वडा मिळतो, आणि तुमच्या हातातला वडा माकडाला मिळतो.

कुन्नूरपर्यंतची लाइन १८९९ ची, उटीपर्यंत १९०८ ला पोचली. ४६ किलोमीटरला वर जाताना पाचेक तास लागतात. घाईत असाल तर बसने जा, खरंच.

उटीचं तिकीट काढताना काय बघायचं?

एकच गोष्ट लक्षात ठेवा, वाफेचं इंजिन मेट्टुपलायम ते कुन्नूर एवढंच. कुन्नूर ते उटी डिझेल लागतं. एका ट्रॅव्हल एजंटने आमच्या सासूबाईंच्या ग्रुपला “फुल्ल स्टीम राइड” म्हणून कुन्नूर-उटीची तिकिटं गळ्यात मारली, बिचाऱ्या सगळ्या खिडकीतून डोकं काढून धूर शोधत बसल्या. सकाळी सातच्या सुमाराची मेट्टुपलायमवरून सुटणारीच गाडी हवी, तिच्या सीट लवकर संपतात, आधी काढून ठेवा. पावसाळ्यात दरड पडून लाइन बंद राहते, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरचं तिकडचं पाऊसपाणी बघून मगच ठरवा, आपल्याकडे पाऊस थांबला म्हणून तिकडे थांबत नाही.

म्हणजे दार्जिलिंग काही खास नाही?

असं कुठे म्हणालो! दार्जिलिंगची मजा वेगळी आहे. दोन फुटी गेज, १८८१ ला दार्जिलिंगपर्यंत गाडी पोचली, युनेस्कोच्या यादीत १९९९ ला गेली (निलगिरी त्यानंतर, २००५ ला). इथे दात नाहीत, साध्या चाकांवरच चढतात. लूप घेतात, म्हणजे रूळ गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जातो, नाहीतर झिगझॅग करतात, पुढे जायचं, सांधा बदलायचा, उलटं मागे चढायचं, परत पुढे. रूळ रस्त्याच्या कडेने जातो, दुकानांच्या इतक्या जवळून की खिडकीतून हात घातला तर बिस्किटाचा पुडा उचलता येईल.

आणि माणसं किती! एवढ्याशा इंजिनावर ड्रायव्हर, फायरमन, वर बसून कोळसा फोडणारा, आणि पुढे नाकावर बसलेले दोघं, त्यांचं काम काय, तर रूळ ओले झाले की हाताने रुळावर वाळू टाकायची म्हणजे चाक घसरणार नाही. धुक्यात ते दोघं पुढे मफलर गुंडाळून बसलेले असतात आणि मूठ मूठ वाळू सोडत जातात, रांगोळी घातल्यासारखी. ही इंजिनं बी क्लासची, पहिलं १८८९ चं आणि शेवटची १९२५ च्या आसपासची, म्हणजे यातलं सगळ्यात तरुण इंजिनसुद्धा शंभरीला टेकलंय.

कमी एवढीच की न्यू जलपायगुडीवरून वर येणारी लांबची गाडी डिझेलवर चालते, वाफेची असते ती दार्जिलिंग-घुम-दार्जिलिंग जॉयराइड, दोनेक तासांची, मध्ये बतासिया लूपला थांबा. मस्त आहे, पण राइड आहे, प्रवास नाही. उटीला मी तिकीट काढून कुठेतरी जात असतो, हा फरक मला फार वाटतो. बाकी कोणाला नसेल वाटत.

फेअरी क्वीन जगातलं सगळ्यात जुनं चालू इंजिन आहे म्हणतात, खरं का?

१८५५ चं आहे ते, इंग्लंडमधल्या लीड्सचं, ईस्ट इंडियन रेल्वेचं २२ नंबर. हावडा ते राणीगंज हलक्या मेलगाड्या ओढायचं, १९०९ ला रिटायर झालं, मग वर्षानुवर्षं नुसतं उभं. १९९७ ला परत चालू केलं आणि १९९८ ला गिनीजमध्ये नाव आलं, नियमित सेवेतलं जगातलं सगळ्यात जुनं वाफेचं इंजिन म्हणून. तेव्हा दिल्ली कॅन्टोन्मेंट ते अलवर चालायचं. मधल्या काळात परत आजारी पडलं, २०१७ ला दिल्ली-रेवाडी सुरू झालं. पण तेव्हापासून हे असंच आहे, कधी चालतं कधी नाही, चौकशी केल्याशिवाय दिल्लीची तिकिटं काढू नका. त्याचंच जुळं म्हणावं असं २१ नंबरचं ‘एक्स्प्रेस’ चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात २०१० ला दुरुस्त करून चालवलं होतं, त्यामुळे “सगळ्यात जुनं कुठलं” यावर रेल्वेप्रेमी लोकांत तासन्‌तास भांडणं होतात. मी त्यात पडत नाही.

महाराष्ट्रात काहीच नाही का राव? पहिली गाडी तर आपल्याकडेच धावली ना?

हो ना, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे आणि पुढे साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. आणि आज त्याच महाराष्ट्रात तिकीट काढून रोज बसता येईल अशी वाफेची एक गाडी नाही. वाईट वाटतं.

माथेरान होतं. आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधलेली लाइन, १९०७ ला सुरू झाली, नेरळपासून वर वीस-एकवीस किलोमीटर, दोन फुटी गेज. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलकडून चार इंजिनं आणली, त्यांचे आस असे बनवले होते की वळणावर पुढची-मागची चाकं थोडी सरकून वाकायची, कारण वळणंच तशी आहेत, आपली गाडी आपल्यालाच खिडकीतून दिसते. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलने त्यांची सुट्टी केली. वॉटर पाइप नावाचं स्टेशन मात्र अजून आहे. हल्लीची पोरं विचारतात हे कसलं नाव, तर बाबांनो इंजिनाला तहान लागायची इथे.

आणि आमचं कुर्डुवाडी! बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची लाइन, अडीच फुटी, १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. नॅरो गेजच्या जगात या लाइनला फार मान आहे, कमी खर्चात जास्त वजन कसं न्यायचं हे तिने दाखवलं म्हणून परदेशातले लोक अजून तिच्यावर लिहितात, आणि आपल्याकडे बार्शीच्या माणसाला सुद्धा सांगावं लागतं. आषाढीला या गाडीला जी गर्दी व्हायची ती आजोबा सांगायचे, डबे पुरायचे नाहीत म्हणून मालडब्यात माणसं, टपावर माणसं, आणि पंढरपूर जवळ आलं की ड्रायव्हर लांब शिट्टी द्यायचा तेव्हा आख्ख्या गाडीतून एकदम “पुंडलिक वरदे”. २००२ नंतर एकेक तुकडा करत सगळी ब्रॉडगेज झाली. सोय झाली, त्यात वाद नाही.

विदर्भातली शकुंतला नावाची नॅरो गेजची गाडी, मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूर, तिचं मँचेस्टरचं १९२१ चं इंजिन तर एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. नुसती बघायची असतील तर नागपूरला मोतीबागचं नॅरो गेज म्युझियम चांगलं आहे, पोरांना घेऊन जा.

माथेरानला परवाच वाफेचं इंजिन बघितलं की! तुम्ही म्हणता नाही?

ते डिझेल आहे हो. वाफेच्या इंजिनाचा पोशाख चढवलाय त्याला, चिमणी वगैरे लावून. गुजरातेत एकतानगर-अहमदाबाद हेरिटेज गाडी २०२३ ला सुरू झाली, तिथे तर आत इलेक्ट्रिक आणि बाहेर वाफेचा मुखवटा. लोक सेल्फी काढतात, खूश होतात, मला त्यांच्या आनंदावर विरजण घालायचं नाही. पण एकदा खऱ्या इंजिनाशेजारी उभं राहा, उभं असताना सुद्धा ते गप्प नसतं, कुठून तरी टिपटिप, कुठून तरी सूं, मध्येच पंप खडखडतो, बाजूला उभं राहिलं की तोंडावर गरम झळ येते, आणि कोळसा-तेल-ओली वाफ यांचा मिळून एक वास असतो. तो वास त्या मुखवट्याला कसा येणार?

एवढं भारी होतं तर बंद का केलं?

कारण भारी नव्हतं, हिशोबात तर अजिबात नव्हतं. कोळशातल्या शंभर रुपयांच्या उष्णतेतले सहा-आठ रुपये चाकापर्यंत पोचायचे, बाकी चिमणीतून आकाशात. डिझेल त्याच्या कितीतरी पट पुढे. परत दर थोड्या अंतरावर पाणी, ठिकठिकाणी कोळसा, राख काढा, बॉयलर धुवा, एका इंजिनामागे शेडमध्ये माणसांची फौज. आपल्याकडे कोळसा घरचा आणि मजुरी स्वस्त म्हणून ते एवढं टिकलं. बंगालमधल्या चित्तरंजन गावच्या रेल्वे कारखान्याने १९५० पासून २,३५१ वाफेची इंजिनं बनवली. ब्रॉडगेजचं शेवटचं १९७० ला बाहेर पडलं, त्याचं नावच ‘अंतिम सितारा’ ठेवलं होतं. म्हणजे तिकडे माणूस चंद्रावर जाऊन आला त्याच्या पुढच्या वर्षी आपण कोळशाचं नवं इंजिन बनवत होतो. काही जण हे हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, जे परवडत होतं ते केलं.

सुटे भाग कुठे मिळतात? कंपन्या तर कधीच बंद झाल्या असतील.

कुठेच मिळत नाहीत, बनवावे लागतात. जुनं ड्रॉइंग शोधायचं, नसेल तर झिजलेला भाग मोजून अंदाज बांधायचा, साचा करायचा, ओतायचा, कातायचा. पण इथेच वाफेचं इंजिन जिंकतं बघा. त्यात चिप नाही, सॉफ्टवेअर नाही, जे आहे ते लोखंड, तांबं, पितळ. चांगला लेथवाला आणि चांगला बॉयलरवाला असेल तर शंभर वर्षांनी सुद्धा दुरुस्त होतं. आत्ताचं टच स्क्रीनचं इंजिन शंभर वर्षांनी चालू करून दाखवा म्हणावं.

आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने तर २०११ पासून निलगिरीसाठी नवी कोरी इंजिनं बनवलीत, आधी तेलावर चालणारी आणि नंतर कोळशावरची सुद्धा. मूळ इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची, आता त्यांची भावंडं तमिळनाडूत जन्मतात. इंग्लंडमध्ये हौशी लोकांनी १९९० मध्ये ठरवलं की आपल्या आवडीच्या जातीचं एकही इंजिन वाचलं नाही ना, मग नवीन बनवू, आणि वर्गणी काढून काढून २००८ ला ‘टॉर्नेडो’ पूर्ण केलं. अठरा वर्षं! आपल्याकडे सोसायटीची लिफ्ट बदलायची वर्गणी अठरा महिन्यात जमत नाही.

त्यांचंच प्रसिद्ध ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ १९२३ चं, १९३४ ला ताशी १०० मैल अधिकृतपणे गाठणारं पहिलं वाफेचं इंजिन. त्याची दुरुस्ती दहा वर्षं चालली, ४२ लाख पौंडांच्या आसपास खर्च आला, २०१६ ला परत लाइनवर आलं तर बघायला इतकी माणसं लोटली की काही जण रुळावरच उतरली आणि गाड्या थांबवाव्या लागल्या.

बाहेरच्या देशांत अजून कुठे?

पुष्कळ. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवक चालवतात, जगातली तशी पहिली, आणि तिची १८६० च्या दशकातली मूळ दोन्ही इंजिनं अजून गाड्या ओढतात. जर्मनीत हार्झच्या डोंगरात ब्रोकेन शिखरावर थंडीत बर्फ फोडत वाफेची गाडी जाते. जपानमध्ये ओइगावा रेल्वेवर १९७६ पासून आहे. अमेरिकेतलं ‘बिग बॉय’ म्हणजे वेगळाच प्राणी, १९४१ चं, १६ चाकं नुसती ओढणारी, टेंडरसकट (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) वजन साडेपाचशे टनांच्या आसपास, २०१९ मध्ये परत चालू केलं. तिकडे कोणी भाऊ-बहीण असेल तर सांगून ठेवा, त्याचा दौरा जाहीर होतो.

बॉयलर फुटत नाही का? भीती वाटते.

पूर्वी फुटायचे, आणि फार वाईट फुटायचे. मुख्य धोका पाणी कमी होण्याचा. आगीच्या पेटीच्या छतावर कायम पाणी पाहिजे, ते उतरलं की पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि मग वरचा दाब त्याला फाडतो. म्हणून त्या छतात एक प्लग बसवलेला असतो, मधोमध शिसं. पाणी उतरलं की आधी शिसं वितळतं, भोकातून वाफ-पाणी खाली आगीवर येतं, ड्रायव्हरला कळतं आणि आग बसते. काचेच्या नळीत पाण्याची पातळी सतत समोर दिसत असते. आजोबा म्हणायचे, बायकोकडे नाही बघितलं तरी चालेल पण त्या काचेकडं बघायचंच. आजी तिथेच असायची ऐकायला. शिवाय बॉयलरची ठरावीक मुदतीने तपासणी होते, पास झाल्याशिवाय इंजिन बाहेर पडत नाही.

पण प्रदूषण? आजच्या काळात कोळसा जाळणं बरं दिसतं का?

होतंच प्रदूषण, कोण नाही म्हणतंय. तेलावर नेलेली इंजिनं कमी धूर करतात, पण शून्य नाही. माझं म्हणणं एवढंच की आख्ख्या देशात मिळून मोजकी इंजिनं, त्यांच्या धुराचा हिशोब मांडायचा असेल तर आधी आपल्या गल्लीतल्या दिवाळीचा मांडू.

तुमच्या आजोबांना तर फार प्रेम असेल ना इंजिनावर?

सगळ्यांना हेच ऐकायचं असतं. नव्हतं. निदान पोस्टकार्डावर असतं तसलं नव्हतं. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, सगळ्या शर्टांना ठिणग्यांची बारीक भोकं, आणि मे महिन्यात पुढून आग, वरून सोलापूरचं ऊन. डिझेलची बातमी आली तेव्हा शेडमध्ये कोणी रडलं वगैरे नाही, पेढे वाटले म्हणे. फावड्यावर बटाटे भाजून खायचे तेवढं मात्र मिटक्या मारत सांगायचे, फावडं आगीत धुवून घ्यायचं, वर बटाटे ठेवायचे, दोन मिनिटं.

त्यांना मी म्हातारपणी माझा उटीचा व्हिडिओ दाखवला. मला वाटलं हळवे होतील. कानाशी धरून नीट ऐकला, परत लाव म्हणाले, परत ऐकला, आणि म्हणाले, “डावीकडचा ठोका बारीक येतोय, व्हॉल्व्ह बघायला पायजे त्याचा.”

सकाळची गाडी असेल तर इंजिन किती वाजता चालू करतात?

सकाळी नाही, आदल्या दिवशी नाहीतर मध्यरात्री. थंड पडलेलं मोठं इंजिन तयार व्हायला आठ-दहा तास सहज लागतात, कधी त्याहून जास्त. घाई केली तर एक भाग आधी तापून फुगतो, दुसरा थंडच, आणि सांधे गळायला लागतात. आधी लाकडं, तेलाच्या चिंध्या, मग हळूहळू कोळसा. शक्य असेल तर शेडच्या लोकांना विचारून पहाटे जा, परवानगीशिवाय घुसू नका, पण स्टेशनवरून सुद्धा बरंच दिसतं. मेट्टुपलायमला पहाटे साडेपाचला अंधारात नुसता लाल उजेड हलताना दिसतो आणि फावड्याचा आवाज येतो. मग थोड्या वेळाने गाडीपेक्षा आधी चहावाला येतो.

कपडे काय घालायचे? लहान मुलं घाबरतात का?

पांढरं काही घालू नका. नवीन तर नकोच. मुलं शिट्टीला घाबरतात, आधी सांगून ठेवा आणि कान धरायला शिकवा, माझी भाची पहिल्या शिट्टीला आईच्या ओढणीत शिरली आणि तिसऱ्या शिट्टीनंतर “अजून” म्हणायला लागली. खिडकीतून तोंड बाहेर काढणारच तुम्ही, कितीही सांगितलं तरी, तर गॉगल लावा, साधा चालतो. तरी डोळ्यात कोळशाचा कण गेलाच तर चोळायचं नाही, अजिबात नाही. वरची पापणी धरून खालच्या पापणीवर ओढायची आणि सोडायची, दोन-तीनदा, नाहीतर स्वच्छ पाण्याने धुवायचा. आजी पदराचं टोक ओलं करून काढायची, पण तिची पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस होती, तुम्ही नका करू.